टोप घालावा की घालू नये? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

लंडनच्या नौदल कचेरीत सॅम्युअल पेपिस नावाचा एक अधिकारी होता. तो रोज डायरी लिहीत असे आणि ती डायरी आज सतराव्या शतकाच्या इतिहासाचे एक मोठे साधन मानली जाते. १६६३ सालच्या मे महिन्यात हा गृहस्थ केसांचे दोन-तीन टोप डोक्यावर चढवून पाहतो. स्वतःचे केस स्वच्छ ठेवण्याचा त्याला कंटाळा आलेला असतो, तरी टोप घालायला मन धजत नाही. अखेर ऑक्टोबरच्या शेवटी तो दोन टोप विकत घेतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी डोक्यावरचे केस कापून टाकतो. ८ नोव्हेंबरच्या रविवारी टोप घालून तो चर्चमध्ये जातो. सगळे आपल्याकडेच टक लावून पाहतील, अशी त्याला धास्ती असते. प्रत्यक्षात तसे काहीच घडत नाही. आपल्याला वाटले होते तितके जगाला नवल वाटले नाही, अशी नोंद तो घरी येऊन करतो.

सहा महिने पेपिसला छळणारा हा प्रश्न आजही अनेकांना छळतो, आणि पेपिसपेक्षा कितीतरी अधिक तीव्रतेने. पेपिसने आपले केस आपण होऊन कापले होते. ज्यांचे केस एखाद्या आजाराने जातात, त्यांना अशी निवड करायला मिळत नाही. टोप घालायचा की तसेच वावरायचे, एवढेच त्यांच्या हाती उरते. हल्ली त्यात त्वचेला गोंदाने चिकटवलेल्या टोपाची भर पडली आहे. सलूनच्या भाषेत त्याला ‘हेअर पॅच’ किंवा ‘बाँडिंग’ म्हणतात. आपल्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थिनीवर किंवा शिक्षकांच्या खोलीतल्या सहकाऱ्यावर ही वेळ येऊ शकते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरेल.

कोल्हा, साप आणि कीड

डोक्यावर नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडतो आणि तेथले केस नाहीसे होतात. याला मराठीत चाई म्हणतात. कीड लागून केस गेले, असेही पुष्कळांना वाटते. हा आजार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘इंद्रलुप्त’ या नावाने त्याचे वर्णन येते. केस ज्या छिद्रातून उगवतो ते रोमकूप बंद होतात आणि नवे केस उगवत नाहीत, अशी तेथली उपपत्ती आहे. दोषांची परिभाषा बाजूला ठेवली, तरी बिघाड केसात नसून केसाच्या मुळाशी आहे हे त्यात ओळखलेले दिसते.

पश्चिमेकडे यासाठी ‘ॲलोपेशिया’ हा शब्द रूढ झाला. त्याचे मूळ ग्रीक भाषेत कोल्हा या अर्थाच्या शब्दात आहे, कारण खरजेने कोल्ह्याच्या अंगावरचे केस असेच ठिकठिकाणी जातात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने याचे दोन प्रकार सांगितले. डोक्याच्या मागून कानांकडे सापासारखा वळत जाणारा जो प्रकार, त्याला त्याने सर्पावरून आलेले ग्रीक नाव दिले. त्वचारोगतज्ज्ञ ते नाव आजही वापरतात.

उपायांची यादी त्याहूनही जुनी आहे. सुमारे ख्रिस्तपूर्व १५५० मधील इजिप्तच्या ‘एबर्स’ पपायरसमध्ये केस येण्यासाठी सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबोकड यांची चरबी एकत्र करून लावायला सांगितले आहे. तिचा उपयोग होत नसणार. इजिप्शियनांच्या टोपांचे मात्र तसे नव्हते. मानवी केसांच्या बटा मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने घट्ट बसवून ते टोप बनवीत. असा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एक टोप ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

शाळेच्या दारात

या आजाराच्या इतिहासातला एक अध्याय शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये हा आजार संसर्गजन्य असावा असा समज बळावला होता. चट्टे असलेल्या मुलांना शाळेत येऊ द्यावे की नाही, यावर वैद्यकीय मंडळींत वाद झडले. या भीतीला निमित्त होते. डोक्यात होणारा गजकर्ण खरोखरच एका मुलापासून दुसऱ्याला होतो आणि त्यानेही केस गळून चट्टे पडतात. पण गजकर्णात बुरशी असते. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील रेमाँ साबुरो यांनी ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिचा कसून अभ्यास केला. त्यांच्या नावाचे वाढमाध्यम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही वापरले जाते. चाईच्या चट्ट्यात अशी बुरशी नसते. ती स्पर्शाने, कंगव्याने किंवा शेजारी बसल्याने होत नाही.

मग चाई कशाने होते? आपल्या शरीरातील रोगप्रतिकार यंत्रणा बाहेरच्या जंतूंशी लढते. काही वेळा तिला आपले कोण आणि परके कोण हे नीट ओळखता येत नाही. चाईमध्ये टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी वाढत्या केसाच्या मुळाभोवती जमतात आणि त्यावर हल्ला चढवतात. केस कमकुवत होऊन गळतो. केशकूप मात्र मरत नाही. तो गप्प बसतो. म्हणूनच काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, केस परत येऊ शकतात आणि पुन्हा जाऊही शकतात. सुमारे दोन टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो. बहुतेकांच्या बाबतीत तो एक-दोन चट्ट्यांवर थांबतो. थोड्यांचे मात्र डोक्यावरचे सर्व केस जातात, काहींच्या भुवया आणि पापण्याही.

२०१० मध्ये अँजेला क्रिस्तियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराशी निगडित जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. क्रिस्तियानो यांना स्वतःला हा आजार होता. त्या वाटेने पुढे ‘जॅक प्रतिरोधक’ औषधांचा उपयोग सापडला. टी-पेशींना मिळणारा रासायनिक निरोप ही औषधे मध्येच अडवतात. अमेरिकेत त्यांपैकी पहिल्या औषधाला, बॅरिसिटिनिबला, तीव्र चाईसाठी जून २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती सर्वांना लागू पडत नाहीत, त्यांनी संसर्गाचा धोका वाढतो आणि औषध थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. त्यामुळे टोपाचा प्रश्न अजून संपलेला नाही.

सगळ्यांचा टोप आणि एकट्याचा टोप

आता पुन्हा पेपिसकडे वळू. चर्चमध्ये त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, कारण टोपांची लाट तेव्हा इंग्लंडात येतच होती. फ्रान्सच्या तेराव्या लुईचे केस लवकर विरळ झाले आणि त्याने टोप वापरायला सुरुवात केली. पुढे चौदाव्या लुईच्या दरबारात टोप हे प्रतिष्ठेचे लक्षण बनले आणि युरोपभर पसरले. राजा, न्यायाधीश, व्यापारी, सारेच टोप घालू लागले. टोपाखाली टक्कल आहे की केस, हे कोणी विचारीनासे झाले. टक्कल असलेल्या पुरुषासाठी बहुधा इतका सोयीचा काळ दुसरा आला नसेल. टोप उघड होता, महाग होता आणि त्याबद्दल बोलण्यात संकोच नव्हता. चिंता असलीच तर वेगळी होती. १६६५ च्या प्लेगमध्ये पेपिसला आपला नवा टोप घालण्याची भीती वाटली. त्यातले केस प्लेगने मेलेल्या माणसाचे तर नसतील ना, असे त्याच्या मनात आले.

ही लाट अठराव्या शतकाच्या अखेरीस ओसरली. ब्रिटनमध्ये १७९५ साली केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसला. तिकडे फ्रान्समध्ये क्रांतीनंतर दरबारी वेश धोक्याचा ठरला. टोप गेले; फक्त न्यायालयासारख्या ठिकाणी उरले. त्यानंतर ज्याला आजारामुळे टोप हवा होता, तो एकटा पडला. सर्वांच्या डोक्यावर असताना टोप हा पोशाख होता. एकट्याच्या डोक्यावर तो गुपित झाला. कोणाला न कळणे हीच त्याची कसोटी ठरली. टोप बनवण्याची पुढची सारी कारागिरी याच दिशेने गेली, आणि टोप घालणाऱ्याच्या मनावरचे ओझेही येथूनच वाढले.

गोंदाची करामत

आपल्याकडे नाटक मंडळींना टोप नवे नव्हते. पुरुष नट स्त्रीभूमिका करीत तेव्हा लांब केसांच्या टोपावाचून भागत नसे. घराघरांत वेणी भरदार दिसावी म्हणून गंगावन वापरले जाई. शाळेच्या स्नेहसंमेलनात मिशी चिकटवायला आपण ‘स्पिरिट गम’ वापरतो. तो म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ. नाटक तीन तासांचे असते, तेवढ्यापुरता तो पुरतो. रोजच्या आयुष्यासाठी त्याहून टिकाऊ काही हवे होते.

१९५२ मध्ये अमेरिकेत क्रिस्तिना जेन्किन्स यांना केस विणून बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. जाळीवरचे केस स्वतःच्या केसांना शिवून टाकायचे, म्हणजे टोप सरकत नाही. पण यासाठी स्वतःचे केस हवेत आणि त्यांच्यावर सतत ताण येतो. केस ओढले जाऊन गळतात, हे ग्रीनलंडमधील घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये १९०७ सालीच नोंदले गेले होते. ज्याच्या डोक्यावर केसच नाहीत त्याला ही पद्धत निरुपयोगी. त्यासाठी ॲक्रिलिक जातीचे, त्वचेवर चालणारे गोंद कामी आले.

हा टोप बनतो असा: पातळ जाळी किंवा प्लास्टिकचा पापुद्रा घेऊन त्यात बारीक आकडीने एकेक केस गाठ मारून बसवतात. त्वचेवरचे तेल पुसून गोंदाचा पातळ थर देतात आणि टोप दाबून बसवतात. साधारण दोन-तीन आठवड्यांनी तो द्रावकाने सोडवून, त्वचा धुऊन पुन्हा बसवावा लागतो. घाम आणि त्वचेतील तेल हे गोंदाचे शत्रू. त्यामुळे कोकणातल्या मे महिन्यात तो थंड देशातल्याइतका टिकेल अशी अपेक्षा धरू नये. टोप स्वतःही झिजतो आणि काही महिन्यांनी नवा करावा लागतो. म्हणजे खर्च एकदाच होत नाही. तो महिन्याच्या वाणसामानासारखा चालू राहतो.

निर्णयापूर्वीचे हिशोब

गोंदाने केशकूप बुजतील आणि परत येणारे केस येणार नाहीत, अशी शंका अनेकांना येते. केसाचे मूळ त्वचेत काही मिलिमीटर खोल असते आणि गोंद पृष्ठभागावर राहतो. त्यामुळे चाई बरी होण्याच्या आड तो येत नाही. खरे धोके वेगळे आहेत. गोंदाची ॲलर्जी येऊन त्वचा लाल होऊ शकते, म्हणून आधी हातावर थोडा गोंद लावून पाहावा. टोप काढताना उरलेले किंवा नव्याने उगवणारे केस ओढले जातात. चट्ट्यावर औषध लावायचे असेल तर कायम झाकलेल्या त्वचेवर ते लावता येत नाही. आजार अजून हालचालीत असेल, केस येत-जात असतील, तर चिकटवण्यापेक्षा रात्री काढून ठेवता येईल असा टोप किंवा साधा रुमाल बरा. सर्व केस जाऊन बराच काळ लोटला असेल, तर चिकटवलेल्या टोपाने पोहणे, खेळणे, बसमधून वाऱ्यावर प्रवास करणे निर्धास्तपणे जमते. हा फायदा लहान नाही.

दुसरा हिशोब मनाचा आहे. आपल्या समाजात केशहीन डोक्याला, विशेषतः स्त्रीच्या, फार जड अर्थ चिकटलेले आहेत. विधवांचे सक्तीचे केशवपन महाराष्ट्राने पाहिले आहे. त्याविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनीच सभा घेऊन हे काम न करण्याचा निश्चय केला होता. प्रथा गेली, पण बिनकेसांची स्त्री दिसताच मनात येणारे प्रश्न गेले नाहीत. अशा नजरांना रोज उत्तर देण्यापेक्षा टोप घातला, तर त्यात खोटेपणा काही नाही. चष्मा किंवा कवळी वापरणाऱ्याला आपण खोटा म्हणत नाही.

पण टोप न घालणे हाही निर्णयच आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील सदस्या अयाना प्रेस्ली यांचे केस २०१९ च्या अखेरीस चाईने गेले. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगाच्या मतदानाच्या आदल्या रात्री शेवटचे केस गळले आणि दुसऱ्या दिवशी टोप घालून त्या सभागृहात गेल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२० मध्ये, त्यांनी एका चित्रफितीत टोप काढून आपले डोके लोकांसमोर आणले. एकाच व्यक्तीने महिन्याभरात दोन्ही निर्णय घेतले. त्या दिवशी टोप घालणे चूक नव्हते आणि नंतर तो काढणेही चूक नव्हते. निर्णय बदलता येतो, हे येथे महत्त्वाचे.

आपल्या वर्गात

पेपिसची भीती खोटी ठरली, कारण चर्चमधल्या लोकांनी त्याच्याकडे रोखून पाहिले नाही. आपल्या वर्गातल्या मुलीची भीती खोटी ठरेल की खरी, हे बरेचसे आपल्यावर अवलंबून आहे. ती टोप घालून आली तर तो ओढून पाहण्याची कोणाची हिंमत होता कामा नये. ती तशीच आली तर तिला टोपी काढायला लावणारा गणवेशाचा नियम आड येता कामा नये. तिच्या परवानगीशिवाय तिच्या आजाराची वर्गात चर्चा तर मुळीच करू नये.

मात्र केसांचा पाठ आपण केव्हाही घेऊ शकतो, कोणाकडे बोट न दाखवता. विद्यार्थ्यांना कंगव्यातला एकेक केस आणायला सांगा आणि त्याचे टोक भिंगाखाली दाखवा. आपोआप गळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरी गाठ दिसते. निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात, केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि दिसणारा केस हा निर्जीव केराटिनचा धागा असतो, हे त्यातून सांगता येईल. मग कोणीतरी विचारील, ‘‘सर, चाई लागते म्हणजे काय?’’ त्या वेळी गजकर्ण आणि चाई यांतला फरक सांगावा. चाई शेजारी बसल्याने होत नाही, हे एक वाक्य वर्गाला नीट कळले, तरी मागच्या बाकावर रुमाल बांधून बसलेल्या मुलीच्या शेजारची जागा रिकामी राहणार नाही. टोप घालायचा की नाही, हे तिचे तिला नंतर सावकाश ठरवता येईल.