मागच्यासाठी दिवा

आमच्या चिकोडी भागात गळीत हंगाम सुरू झाला की तिन्हीसांजेनंतर रस्त्याला लागायची मला आजही धास्ती वाटते. वीस वर्षांपूर्वी निपाणीहून परत येताना माझ्या धाकट्या दिरांची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. पाय वाचला, पण आखडला तो कायमचाच. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "मागून धडकतो त्याचीच चूक." धाकटी जाऊ चहा देता देता मुकाट्यानं ऐकून घ्यायची. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न चिकटला. पुढच्यानं मागच्याला काही सांगायचं असतं की नाही?

पुढं वाचताना कळलं, हा प्रश्न माझ्या कितीतरी आधी एका बाईला पडला होता. फ्लॉरेन्स लॉरेन्स तिचं नाव. जन्म कॅनडातला, नाव झालं अमेरिकेतल्या मूकपटांत. 1913 साली आपल्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते साळुंके नावाचे पुरुष, आणि तिकडं ही बाई स्वतःची मोटार स्वतः हाकत होती! त्या काळी वळायचं, थांबायचं ते हात बाहेर काढून दाखवायचे. 1914 च्या सुमारास तिनं एक युक्ती केली. ब्रेक दाबला की गाडीच्या मागं 'थांबा' अशा अर्थाची इंग्रजी पाटी आपोआप वर यायची. वळण्यासाठीही बटण दाबून हलणारी खूण होती. पेटंट मात्र तिनं घेतलं नाही. तिच्या आईनं, शार्लट ब्रिजवुडनं, काच पुसायच्या विजेवरच्या वायपरचं पेटंट 1917 साली घेतलं, तरी तिच्याही पदरात काही पडलं नाही. लेक तर 1938 साली स्वतःच्याच हातानं गेली. गाड्यांच्या गोष्टीत या मायलेकींचं नाव कितीजणी ऐकतात?

पाटी गेली, दिवे आले. पण नियम फार उशिरा आले. अमेरिकेत आधी राज्याराज्यांचे कायदे निरनिराळे होते. दिव्यांसाठी साऱ्या देशाला एकच मानक लागू झालं ते 1968 साली. तरी एक घोळ राहिलाच. मागचा दिवा लाल आणि ब्रेकचाही लालच, फक्त जास्त प्रखर. दोन्ही खालच्या बाजूला. मध्ये एखादी गाडी आली की तिच्या पलीकडचं काहीच दिसायचं नाही.

जॉन वोव्होडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या 343 टॅक्सींना मागं मधोमध आणखी एक ब्रेकचा दिवा लावून पाहिला. 1974 मध्ये त्याचा निष्कर्ष आला. ज्यांना दिवा नव्हता त्या टॅक्सींच्या मानानं मागून होणाऱ्या धडका साठ टक्क्यांनी कमी! पुढं सरकारी चाचण्या झाल्या. एलिझाबेथ डोल ही अमेरिकेची पहिली महिला वाहतूक मंत्री. तिच्या कारकिर्दीत 1983 साली नियम निघाला, आणि 1986 च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीला तिसरा दिवा सक्तीचा झाला. लोक त्या दिव्याला तिच्याच लाडक्या नावानं 'लिडी लाइट' म्हणू लागले. पुढं सगळ्यांच्याच गाड्यांना तो दिवा आल्यावर नवलाई ओसरली. 1998 च्या सरकारी अभ्यासात फायदा उरला 4.3 टक्के. एवढासाच? कागदावर एवढासाच. ज्या घरातला माणूस त्यात मोडतो, त्या घराला विचारावं.

आपल्याकडं नियम नाही असं नाही हो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं मागचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि तो 155 मीटरवरून दिसला पाहिजे. सूर्यास्ताआधी जेवणं उरकणाऱ्या आमच्या घरांत ती वेळ मिनिटामिनिटानं माहीत असते! आणि कायद्याच्या व्याख्येत ट्रॅक्टरमागची ट्रॉलीसुद्धा मोटार वाहनच. दिरांच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चूक त्यांचीच धरून प्रकरण मिटलं.

जाऊ आता साठीला आली. दर हंगामात ती निपाणीहून लाल रेडियमचं भेंडोळं आणते. आमच्या फाट्यावर ट्रॅक्टरवाले चहाला थांबतात. ती कात्री घेऊन जाते, ट्रॉलीच्या मागच्या फळीवरची धूळ पदरानं पुसते आणि पट्ट्या चिकटवते. पोरं हसतात, "काकी, ऊस भरला की झाकून जातंय की." तर ती म्हणते, "मग थोडी खाली चिकटवू."