संमतीपत्राचं कूळ

"सही कुठं करायची, ताई?"

पुण्यातल्या एका रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागाच्या मागे असलेली ती अरुंद खोली. टेबलावर बारा पानांचं संमतीपत्र, शाईचा पॅड, पाण्याची बाटली. समोर मधुमेह असलेल्या एक मावशी, मांडीवर केसपेपरची प्लास्टिकची पिशवी. वैद्यकीय संशोधनाची कागदपत्रं मराठीत आणण्याचं काम मी करते आणि अधूनमधून अशा खोल्यांत जाऊन बसते. लिहिलेलं माणसाला कळतं का, ते कानांनी ऐकल्याशिवाय समजत नाही.

मावशींनी पहिलं पान उघडलंच नाही. थेट शेवटच्या पानावर गेल्या, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे काही बरंवाईट झालं तर तुमच्यावर काही येणार नाही. हेच लिहिलंय ना?"

समुपदेशक ताई नाही म्हणाल्या, पण मावशींचा विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? आपल्याकडे दवाखान्यातली सही म्हटली की आठवतं ते ऑपरेशन थिएटरचं दार. रात्रीची वेळ, स्ट्रेचर आत चाललंय, कुणीतरी छापील कागद पुढं करतं, "नातेवाईक कोण? सही करा." वाचायला वेळ नसतो आणि धीरही नसतो. ती सही म्हणजे डॉक्टरांच्या डोक्यावरचा भार आपल्या डोक्यावर घेणं, असं पिढ्यान् पिढ्या मनात बसलं आहे.

संशोधनाचं संमतीपत्र त्या घराण्यातलं नाही. त्याचं कूळ वेगळं आहे. ज्यांना कुणी विचारलंच नाही, अशा माणसांपासून ते सुरू होतं.

शब्दापासून सुरुवात करू. 'संमती'त 'मन्' हा धातू आहे, विचार करणं. नुसती मान डोलावली तर संमती होत नाही, आधी मतीनं काम करावं लागतं. पुण्यात हा शब्द सार्वजनिक भांडणात उतरला तो संमतिवयाच्या कायद्यावेळी. १८९१ साली मुलींचं संमतिवय १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला. टिळक विरोधात उभे राहिले. आगरकर, रानडे, भांडारकर बाजूनं. वर्तमानपत्रं, सभा, पत्रकं यांनी शहर ढवळून निघालं. ज्या मुलींच्या संमतीवर हे सारं चाललं होतं, त्यांना मात्र कुणी विचारल्याचं दिसत नाही. इतरांनी इतरांशी बोलून ठरवलेली संमती, हे या शब्दाचं दुखणं तेव्हापासूनचं आहे.

सहाच वर्षांत प्लेग आला. १८९७ च्या मार्चपासून पुण्यात प्लेगसाठी नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याची समिती कामाला लागली. गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. स्वयंपाकघर, देवघर, माजघर, कुठलाही उंबरा त्यांना वर्ज्य नव्हता. माणसं उचलून रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावण्यांत नेली जात. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास आपल्याला राजकारणाच्या धड्यात शिकवला जातो. मला तो आरोग्याच्या धड्यातही हवा आहे. रोग खरा होता, उपायांची गरजही खरी होती. पण न विचारता केलेला उपाय लोकांना रोगाइतकाच भयंकर वाटला.

त्याच वर्षी मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांना विचारण्यात आलं. जवळपास निम्मे पुढं आले. त्यांना लस टोचली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गटांत काय होतं ते मोजलं. लस घेतलेल्यांत लागण कमी झाली. स्वयंसेवक मागून, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेली ही महाराष्ट्राच्या भूमीवरची फार जुनी चाचणी. पण कुलुपाच्या आत बसलेल्या माणसानं 'हो' म्हटलं, तर ते किती मोकळेपणानं? हाफकिननी विचारलं याचं मोल मी कमी करत नाही. तरीही आजचे नियम कैद्यांना सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटात धरतात आणि त्यांच्यासाठी जादा संरक्षण मागतात, ते योग्यच आहे.

लेखी कागद आला तो सातासमुद्रापलीकडून. १९०० साली क्यूबात अमेरिकन लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड पीतज्वराच्या कारणाचा शोध घेत होते. तिथं आलेल्या स्पॅनिश मजुरांशी त्यांनी स्पॅनिश भाषेत लेखी करार केले. भाग घेतला तर सोन्याचे १०० डॉलर, ताप आला तर आणखी १००. पैशाचं आमिष आज खटकतं. पण धोका लिहून देणं, तोही माणसाच्या स्वतःच्या भाषेत, ही गोष्ट तिथं कागदावर आली.

पुढचा टप्पा रक्ताचा आहे. नाझी छळछावण्यांत डॉक्टरांनी माणसांवर केलेल्या प्रयोगांचा खटला न्यूरेंबर्गमध्ये चालला. निकाल लागला १९ ऑगस्ट १९४७ ला, आपल्या स्वातंत्र्याला चार दिवस झाले होते. त्या निकालात न्यायाधीशांनी माणसांवरच्या प्रयोगांसाठी जी कलमं घातली, त्यांतलं पहिलंच स्वेच्छेच्या संमतीचं.

एवढं होऊनही शहाणपण लगेच आलं नाही. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली चाचणी प्रसिद्ध झाली. कुणाला औषध आणि कुणाला नुसती विश्रांती, हे बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठीवर ठरलं. औषधवाल्या ५५ पैकी सहा महिन्यांत ४ दगावले, विश्रांतीवाल्या ५२ पैकी १४. आजच्या सगळ्या चाचण्या याच चाचणीच्या लेकी-नाती आहेत. पण त्या ५२ जणांना आपण तुलनेच्या गटात आहोत हे रुग्णालयात असेपर्यंत माहीतच नव्हतं.

'समजून-उमजून दिलेली संमती' या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग रूढ झाला तो १९५७ च्या कॅलिफोर्नियातल्या एका निकालामुळं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासणीनंतर एका रुग्णाचे पाय कायमचे लुळे पडले होते, आणि हा धोका आधी सांगितलाच नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं. नुसती सही पुरेशी नाही, आधी समजलं पाहिजे, ही अट तिथून घट्ट झाली. मग माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीबद्दलचा १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं १९८० मध्ये पहिलं धोरण काढलं आणि २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं.

पुण्यात या कागदाची खरी कसोटी लागली एचआयव्हीच्या काळात. भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सुरू झाली. ससून रुग्णालय आणि त्याला जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर काम करू लागलं. त्यांच्या एका चाचणीचा प्रश्न अगदी घरातला होता: एचआयव्ही असलेल्या आईनं बाळाला अंगावर पाजलं, तर त्याला वाचवायचं कसं? आईला कळांच्या वेळी आणि बाळाला जन्मल्यावर नेविरापिन या औषधाचा एक डोस दिला जाई. त्यापुढं सहा आठवडे बाळाला रोज औषध दिलं तर? इथिओपिया, युगांडा आणि पुणे अशा तीन ठिकाणी हे पाहिलं गेलं. २००८ साली निकाल आला. सहा आठवड्यांच्या वयाला, एकच डोस मिळालेल्या बाळांत लागण ५ टक्क्यांच्या वर होती. रोज औषध मिळालेल्यांत अडीचच्या आसपास. सहाव्या महिन्यापर्यंत मात्र हा फरक पुसट झाला. औषध सहा आठवड्यांवर थांबत होतं, दूध चालूच होतं. स्तनपान सुरू असेपर्यंत बाळाला औषध देण्याच्या विचाराला त्यातून बळ मिळालं.

त्या आईच्या जागी जरा बसून पाहा. पोटात नऊ महिन्यांचं मूल, हातात नुकताच कळलेला आजार, घरी कदाचित कुणालाच माहीत नाही. संमतीपत्राची एक प्रत सहभागी व्यक्तीला द्यावीच लागते, तो तिचा हक्क आहे. पण तोच कागद घरी गादीखाली सापडला तर? हक्काचा कागदच घात करू शकतो. म्हणून प्रत द्यायची, आणि न्यायची की नाही हे तिनं ठरवायचं. कायद्यानं पुढं काही चाचण्यांत संमतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, तेव्हा एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज नोंदवायची मुभा ठेवली. चेहरा नको. नियम करणाऱ्यांनी इथं माणूस पाहिला.

७ फेब्रुवारी २००५ ला भोसरीत भारतातली पहिली एड्स लसीची चाचणी सुरू झाली, ३० निरोगी स्वयंसेवकांवर. ती लस पुढं गेली नाही. पण दंडात सुई घेणारे ते ३० जण मला फार मोठे वाटतात. त्यांना स्वतःला मिळण्यासारखं काहीच नव्हतं. नंतरच्या एका मोठ्या अभ्यासात ९ देशांतली १७६३ जोडपी होती, त्यांत पुण्याचीही. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. दोघांनीही संमती द्यायची. २०११ मध्ये दिसलं की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. तेव्हा निकाल मुदतीआधी जाहीर झाला आणि ज्यांचे उपचार उशिरा सुरू करायचे ठरले होते, त्यांनाही ते देऊ केले. २६ ऑगस्ट २०२० ला भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात कोविशील्डच्या भारतातल्या चाचणीचे पहिले डोस टोचले गेले, तेव्हा पुणेकरांना ही भाषा थोडीफार ओळखीची झाली होती. देशभरातून त्यासाठी १६०० जण घ्यायचे ठरले होते.

ओळखीची झाली म्हणते, पण भाषेचं काम संपत नाही. चाचणीत कोण कुठल्या गटात जाणार, हे चिठ्ठीवर ठरतं. सरकारी मराठीत 'यादृच्छिक पद्धतीने'. ते वाचून समोरचा माणूस नुसता पाहत राहतो. एकदा मी 'नाणं उडवून छापा-काटा करावा तसं' असं लिहिलं. एक बाई उसळून म्हणाल्या, "माझ्या दुखण्याचा जुगार मांडलाय का?" त्यांचं बरोबर होतं. आता मी लिहिते: 'कुणाला कोणतं औषध, हे कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवेल. तुमचे डॉक्टरही ते ठरवू शकणार नाहीत.' प्लासिबोला 'दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी'. मग मूळ कागद न पाहिलेलं कुणीतरी माझं मराठी परत इंग्रजीत नेतं. 'फायदा होऊ शकतो' ऐवजी हातून 'फायदा होईल' गेलं असेल, तर ते तिथं पकडलं जातं. एका क्रियापदात अभ्यास आणि आश्वासन यांच्यातला फरक असतो. त्या एका शब्दासाठी मी पानं परत घेतली आहेत.

मावशींकडे परत येते. ताईंनी त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. हक्क सोडायला लावणारं, डॉक्टरांना किंवा कंपनीला जबाबदारीतून मोकळं करणारं एकही वाक्य या कागदात चालत नाही. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार मोफत, शिवाय भरपाई. चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती आणि साधा नागरिकही असतो. चाचणी सरकारी नोंदवहीत आहे का, हे कुणालाही पाहता येतं. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे.

मग ती ओळ आली. शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारस म्हणून नेमलेल्या व्यक्तीचं नाव. मावशींनी ताईंचा हात धरला. "मी मरणार असं धरूनच चाललाय का तुम्ही?"

ही ओळ २०१३ नंतरची. त्याआधी चाचण्यांत इजा झालेल्या, मेलेल्या माणसांच्या घरच्यांना न्याय मागताना पुरावाच हाती नसे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नियम बदलले. वारसाचं नाव लिहायचं ते भरपाई कुणाच्या दारी पोचवायची हे आधीच ठरलेलं असावं म्हणून. ताईंनी हे सांगितलं. मावशी बराच वेळ त्या रिकाम्या रेघेकडे बघत होत्या.

"लेकाला विचारून येते," म्हणाल्या. कोरी पानं नीट घडी करून केसपेपरच्या पिशवीत घातली आणि गेल्या.

तिसऱ्या दिवशी आल्या. लेकानं सगळं वाचून दाखवलं होतं. पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. "नको," त्या म्हणाल्या. "दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायला यायचं, नातीची शाळा आहे, मला जमायचं नाही." मग जरा दबकत: "नाही म्हटलं तर माझ्या नेहमीच्या गोळ्या बंद नाही ना होणार?"

"नाही मावशी. पहिल्या पानावरच लिहिलंय."

"वाचलंय लेकानं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

ताईंनी नोंदवहीत तारीख टाकून 'सहभागी होण्यास नकार' लिहिलं. मावशी उठल्या, पिशवी काखोटीला मारली आणि औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.