बोरघाटाचा मक्ता

परतूर तालुक्यांतील वाटूर हें गांव जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या सडकेवर आहे. आगगाडी गांठावयाची झाली म्हणजे तेथील मंडळींना परतूरचें स्टेशन जवळ करावें लागतें. मनमाडहून निघून, आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात तें औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी करीत हैदराबादकडे जाणारा हा लोहमार्ग १९०१ च्या सुमारास पुरा झाला. त्या वेळीं हा सारा मुलूख निजामाच्या अंमलाखालीं होता आणि मार्ग चालविणाऱ्या कंपनीचें नांव होतें 'निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे'. यांतील 'गॅरंटीड', म्हणजे हमी दिलेली, हा शब्द प्रवाशाच्या नजरेंतून सहज निसटून जाई. पण आगगाडीसारखीं मोठीं बांधकामें या देशांत कोणाच्या जिवावर उभीं राहिलीं, हें समजून घ्यावयाचें असेल तर त्याच शब्दापाशीं थांबावें लागतें.

मराठवाड्यांत बांधकामाचा मक्ता घेणाराला गुत्तेदार म्हणतात. विहिरीचा गुत्ता दिला, भाव ठरला, आणि बारा हातांवर काळा पाषाण लागला, तर सुरुंगाचा खर्च कोणीं सोसावयाचा? धनी म्हणतो, भाव ठरला तो ठरला. गुत्तेदार म्हणतो, ठरला तो मातीचा, पाषाणाचा नव्हे. गांवांत हा तंटा चार शहाणीं माणसें बसवून मिटवितां येतो. परंतु विहिरीच्या जागीं सह्याद्रीचा कडा असला, धनी भागधारकांच्या रूपानें लंडनमध्यें बसलेला असला आणि खोदणारे हात हजारोंनीं मोजावे लागत असले, म्हणजे काय होतें? महाराष्ट्रांत या प्रश्नाचा मोठा निकाल लागला तो बोरघाटांत, १८५६ ते १८६३ या काळांत.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी १८४९ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें अस्तित्वांत आली आणि त्याच वर्षीं १७ ऑगस्टला तिचा ईस्ट इंडिया कंपनीशीं करार झाला. भांडवल रेल्वे कंपनीनें उभारावें, जमीन सरकारनें फुकट द्यावी, आणि भांडवलावर दरसाल शेंकडा ५ व्याज मिळेलच अशी हमी सरकारनें ९९ वर्षें द्यावी, हा कराराचा गाभा. मार्गाचें उत्पन्न कमी पडलें तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरून निघे. नफा पांच टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या रकमेचा अर्धा भाग पूर्वीं दिलेल्या व्याजाच्या फेडीसाठीं सरकारला आणि अर्धा भागधारकांना. शिवाय कंपनीचें मन विटलें तर सहा महिन्यांची सूचना देऊन तिनें मार्ग सरकारच्या स्वाधीन करावा आणि गुंतविलेलें भांडवल परत मागावें, अशीही सोय होती. याच्या बदल्यांत सरकारनें देखरेखीचा हक्क राखून ठेवला होता. सरकारी सल्लागार इंजिनिअराच्या संमतीवांचून आखणी किंवा खर्च पुढें सरकूं नये, असें ठरलें होतें.

हिला जोखमीची वांटणी म्हणावयाचें तर म्हणावें. पण नफ्यांत दोघे भागीदार आणि तोट्याला एकटी तिजोरी, असा हा प्रकार होता. आणि ती तिजोरी भरणारी रयत करार होतांना कोठेंच नव्हती. १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांची साक्ष झाली. एकदां पांच टक्के पक्के झाल्यावर आपला पैसा हुगळी नदींत गेला कीं विटाचुन्यांत गेला, याचें इंग्रज भांडवलवाल्याला सोयरसुतक नव्हतें, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ होता. तरी न्यायाची गोष्ट बोलावयाची तर हमी नसती तर लंडनचा पैसा त्या काळीं सह्याद्रीकडे बहुधा फिरकलाच नसता.

कंपनी आणि सरकार यांचें नातें असें होतें. कंपनी आणि मक्तेदार यांचें मात्र अगदीं निराळें. मक्तेदाराला कसलीच हमी नव्हती.

मुंबई ते ठाणें हा पहिला मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं खुला झाला. तो फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज मक्तेदारांनीं बांधला होता. पुढील मार्गाचे कित्येक भाग मुंबईच्या जमशेटजी दोराबजी या पारशी मक्तेदारानें बांधले. साहेबाच्या विद्येवांचून रेल्वे होणें नाहीं, असा समज तेव्हां दृढ होता. या गृहस्थाच्या कामानें त्याला चांगलाच तडा दिला. पण हीं बरीचशीं कामें सपाटीचीं. घाटाची गोष्ट वेगळी होती. कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले यांनीं आखलेला चढ सुमारें सोळा मैलांचा होता. तेवढ्या अंतरांत गाडीला १,८३१ फूट वर न्यावयाची होती. सरासरी सुमारें ४६ फुटांस १ फूट, आणि जेथें अगदींच इलाज नाहीं तेथें ३७ फुटांस १ फूट असा तो चढ होता. बोगदे २५, मोठे दगडी पूल ८. एके ठिकाणीं तर डोंगराच्या सोंडेवर गाडीला वळावयासही जागा नव्हती. तेथें बर्कले यांनीं गाडी उभी करून इंजिन मागच्या टोंकाला जोडावें आणि उलट दिशेनें पुढील चढ चढावा, अशी युक्ति योजिली. हें उलटें स्टेशन १९२९ पर्यंत चालू होतें.

घाटाचा मक्ता फॅव्हिएल यांना मिळाला आणि जानेवारी १८५६ मध्यें काम सुरू झालें. बोगदा लांब असला म्हणजे डोंगरमाथ्यावरून विहिरी पाडून मधूनच तोंडें फोडतात, म्हणजे काम अनेक ठिकाणीं एकदम चालतें. येथें बहुतेक ठिकाणीं डोंगराची ठेवणच अशी कीं तें शक्य झालें नाहीं. दोन टोंकांकडूनच कठीण काळ्या पाषाणांत आंत शिरावें लागलें. कांहीं कड्यांवर पाय ठेवावयास आधार नाहीं, म्हणून माणसें दोरानें खालीं सोडून त्यांच्याकडून सुरुंगाचीं भोकें पाडून घेतलीं. पावसाळ्यांत काम जवळजवळ बंद. मजूर आपापल्या गांवीं जात आणि दसऱ्यानंतर ते परत येतील कीं नाहीं, याचा नेम नसे.

कागदावर ही सारी अनिश्चितता मक्तेदाराच्या माथीं होती. पण जोखीम ही पाण्यासारखी असते. तिला उतार मिळाला कीं ती खालीं वाहते. मक्तेदाराच्या हाताखालीं युरोपियन पोटमक्तेदार, त्यांच्या हाताखालीं मुकादम, आणि मुकादमाच्या हाताखालीं मजुरांच्या टोळ्या. वरच्यानें खालच्याला भाव ठरवून द्यावा आणि आपण मोकळें व्हावें. पैसा वरून उशिरा सुटला कीं सगळ्यांत शेवटीं उपाशी राहणारा कोण, हें सांगावयास नको. जानेवारी १८५९ मध्यें मजुरी थकल्यावरून घाटांत दंगा झाला. हाणामारी झाली आणि तींत एक युरोपियन माणूस प्राणास मुकला. सरकारी चौकशी झाली तेव्हां मजुरांच्या तक्रारींत तथ्य आढळलें. १८६० सालीं हिंदुस्थान सरकारनें केलेला नववा कायदा या आणि अशा तंट्यांतूनच निघाला. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें झटपट तोडावे, अशी तजवीज त्यांत होती. तोच कायदा काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही सांगत होता, हेंही विसरतां येत नाहीं.

दंग्यानंतर दोन महिन्यांनीं, मार्च १८५९ मध्यें, फॅव्हिएल यांनीं मक्ता सोडला. आतां खरा पेंच पडला. डोंगर अर्धवट फोडलेला, मक्तेदार गेलेला, आणि इकडे भांडवलावरचें व्याज तर दर सहामाहीस चालूच. कांहीं महिने कंपनीच्या इंजिनिअरांनीं काम आपल्या अंगावर घेतलें. मग त्याच वर्षीं नवा मक्ता सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज मक्तेदाराला देण्यांत आला. ट्रेडवेल सपत्नीक मुंबईस उतरले आणि थोड्याच दिवसांत, ३० नोव्हेंबर १८५९ रोजीं, मरण पावले.

वास्तविक येथें दुसऱ्यांदा मक्ता मोडावयाचा. पण त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं तो सोडला नाहीं. परका देश, पति नुकताच निवर्तलेला, आणि हातीं काम तर हिंदुस्थानांतील सर्वांत अवघड घाटाचें! या बाईंनीं मक्ता आपल्या नांवें चालू ठेवला आणि कामाची व्यवस्था पाहण्यासाठीं ॲडमसन आणि क्लाउझर या दोघां इंजिनिअरांना व्यवस्थापक नेमलें. हे दोघे कोण? फॅव्हिएल गेल्यावर ज्यांनीं कंपनीच्या वतीनें घाटाचें काम चालविलें होतें, तेच हे.

ही गोष्ट वरवर दिसते त्याहून मोठी आहे. मक्त्याच्या रूढ पद्धतींत कंपनीचा इंजिनिअर आणि मक्तेदाराचा माणूस हे एकमेकांचे प्रतिपक्षी. एकानें चूक काढावी, दुसऱ्यानें ती झांकावी; खडक कठीण निघाला तर एकानें जास्त पैसे मागावे, दुसऱ्यानें नाकारावे. फॅव्हिएल यांच्या वेळीं ही भिंत उभी होती. ट्रेडवेलबाईंच्या वेळीं ती पडली. बोगद्यांत काय आहे हें ज्यांनीं कंपनीकडून पाहिलें होतें, तेच मक्तेदाराच्या बाजूनें काम करूं लागले. हा कोणीं मुद्दाम योजलेला प्रयोग नव्हता. एका मृत्यूनें आणि एका बाईच्या धैर्यानें तो घडवून आणला. पण त्यानंतर काम मोडलें नाहीं, इतकें खरें.

१८६१ सालीं घाटांत चाळीस हजारांहून अधिक माणसें राबत होतीं. त्यांत वडार-बेलदारांसारखे पिढीजात दगडमातीचे कामगार होते, तसेच देशावरचे शेतकरीही होते. पटकीच्या सांथी येऊन गेल्या. माणसें मेलीं, उरलेलीं पळालीं आणि नव्या टोळ्या आणाव्या लागल्या. २१ एप्रिल १८६३ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्तें घाट खुला झाला. खर्च सुमारें ११ लक्ष पौंड झाला होता. ज्यांनीं घाट आंखला ते बर्कले तो दिवस पाहावयास उरले नव्हते. ऑगस्ट १८६२ मध्येंच विलायतेंत त्यांचें निधन झालें होतें.

गोष्ट येथें संपली असती तर किती सोयीची होती! पण १९ जुलै १८६७ रोजीं, भर पावसाळ्यांत, घाटांतील माहूकीमळी येथील पूल कोसळला. पन्नास पन्नास फुटांच्या आठ कमानींचा तो दगडी पूल चार वर्षेंच उभा राहिला. त्या जागीं पुढें लोखंडी तुळयांचा पूल घालण्यांत आला. नव्या पुलाचा पैसा मार्गाच्या हिशेबांत चढला आणि त्या हिशेबाखालीं रयतेची हमी उभी होती. तपासणारा आणि बांधणारा एक झाले कीं भांडणें मिटतात, पण मग दोष दाखविणारा डोळाही राहत नाहीं, अशी शंका या पुलावरून कोणाला आली तर तिला लगेच उत्तर देतां येणार नाहीं. पूल तेवढ्यामुळेंच पडला, असें मात्र म्हणण्यास आधार नाहीं.

अलीकडे बांधकामाच्या जगांत हाच विचार पुन्हां, या खेपेस बुद्धिपुरस्सर, पुढें आला आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचें पांचवें टर्मिनल २००८ च्या मार्चमध्यें खुलें झालें. त्याच्या करारांत विमानतळाच्या मालकानें बांधकामाची जोखीम आपल्याच शिरावर घेतली. मक्तेदारांना प्रत्यक्ष खर्च आणि ठरीव नफा मिळावयाचा आणि बचत झाली तर ती वांटून घ्यावयाची, असा बेत होता. हेतु हा कीं खडक लागला तर त्यानें तो लपवूं नये, लगेच सांगावा. काम वेळेवर झालें, एवढें त्या पद्धतीच्या पदरांत टाकलें पाहिजे. उघडण्याच्या दिवशीं प्रवाशांच्या सामानाचा जो गोंधळ उडाला तो वेगळा. आपल्याकडे मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग, ७०१ किलोमीटरचा, सोळा तुकड्यांच्या मक्त्यांनीं बांधला गेला आणि जून २०२५ मध्यें पूर्ण खुला झाला. तो जालना जिल्ह्यांतूनही जातो. त्याच मार्गावर शहापूर तालुक्यांत ३१ जुलै व १ ऑगस्ट २०२३ यांच्यामधील रात्रीं पुलाच्या तुळया चढविणारें अजस्र यंत्र कोसळलें आणि वीस माणसें ठार झालीं. बोरघाटांतील दोर आणि शहापूरचें यंत्र यांच्यामध्यें दीडशेंहून अधिक वर्षें गेलीं. मक्त्याच्या कागदावरील कलमें पुष्कळ सुधारलीं. खालच्या टोंकाला उभा असलेला माणूस मात्र त्या कागदावर आजही क्वचितच दिसतो.

परतूरच्या मार्गावरील त्या 'गॅरंटीड' शब्दाचा उगम हा असा मुंबईकडचा. १८८३ सालीं हैदराबाद संस्थानानें हीच पद्धत उचलली आणि निजामाच्या हमीवर रेल्वे कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास चांद्याकडे नेण्याच्या रेल्वेची योजना पुढें आली होती. ही योजना लोकांपुढें उघड मांडा, लोकांना तिचा विचार करूं द्या, अशी मागणी हैदराबादेंत उठली. मागणी करणारांत तेथील कॉलेजचे अघोरनाथ चट्टोपाध्याय हे प्रमुख होते. सरोजिनी नायडू यांचे ते वडील. त्यांना संस्थानांतून हद्दपार करण्यांत आलें. पुढें ते परतले, पण हमीची कंपनी आपल्या मार्गानें वाढतच गेली आणि तिच्या गाड्या गोदावरीचें खोरें ओलांडून मनमाडपर्यंत धांवूं लागल्या.

१९३० सालीं निजाम सरकारनें ती कंपनी विकत घेतली, तेव्हां 'गॅरंटीड' हा शब्द नांवांतून गळाला. रूळ मात्र मीटरच्या अंतराचेच राहिले. ते रुंद होण्यास १९९० नंतरचें दशक उजाडावें लागलें.