खोगीरभरतीची कुळकथा

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, वाई, मेढा, तापोळा, कास, बामणोली. एखाद्या लॉजच्या किंवा भाड्याने गाड्या देणाऱ्याच्या संकेतस्थळाचं पान तळापर्यंत सरकवत नेलं की ही गावं अशी ओळीनं उभी दिसतात. प्रत्येक गावाला ‘स्वस्त’, ‘सर्वोत्तम’, ‘जवळचं’ ही शेपटी जोडलेली असते. सांगलीकडे गेलं तरी तेच. मिरज, तासगाव, विटा, पलूस, जत. धंदा तेवढा बदलतो, कुठे ठिबक सिंचन, कुठे बेदाणा, कुठे दातांचा दवाखाना. हा मजकूर वाचकासाठी लिहिलेला नाही हे उघड दिसतं. तो गूगलसाठी आहे, असं मालकाला कुणीतरी सांगितलेलं असतं. ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणाऱ्यानं दरमहा पैसे घेऊन केलेली ही खोगीरभरती आहे.

असं काम करून देणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मला वाटत नाही. त्याला ते कुणीतरी शिकवलेलं असतं, आणि शिकवणाऱ्याच्या काळात ते बऱ्याचदा खरं होतं. शोधयंत्रांबद्दलच्या बहुतेक गैरसमजुती म्हणजे जुने, कधीकाळी लागू असलेले नियम आहेत. त्यामुळे त्या नुसत्या खोडून काढल्या की पुन्हा उगवतात. त्यांचं कूळ पाहिलं तर त्या का टिकल्या हे कळतं.

सगळ्यांत जुनी शाखा शब्दमोजणीची. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाविस्टा आलं. त्या पिढीची यंत्रं मुख्यतः पानावर कुठले शब्द आहेत, किती वेळा आणि कोणत्या जागी आहेत हे पाहत. शिवाय पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणारी शब्दांची एक यादी ठेवण्याची सोय होती. ‘हे पान कशाबद्दल आहे’ हे लेखकानंच सांगावं, इतका सरळ विश्वास त्यामागे होता. तो फार दिवस टिकला नाही. लोकांनी यादीत वाटेल ते शब्द कोंबले, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहिला. पानाची क्रमवारी ठरवताना ही छुपी शब्दयादी आपण वापरत नाही, असं गूगलनं सप्टेंबर २००९ मध्ये उघड सांगितलं. तरी आजही नव्या संकेतस्थळाच्या दरपत्रकात ‘कीवर्ड टाकणे’ ही बाब वेगळ्या पैशांसह आढळते.

मराठीत या शाखेला वेगळीच फांदी फुटली. सुरुवातीच्या अनेक मराठी संकेतस्थळांचे फाँट त्यांचे स्वतःचे होते. पडद्यावर ‘सातारा’ दिसे, पण आत साठवलेली असत ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. शोधयंत्राला त्यातून ना गाव कळे ना भाषा. म्हणून पानाच्या तळाशी रोमन लिपीत गावांची नावं, त्यांच्या चार-चार स्पेलिंगांसह लिहून ठेवत. त्या काळी ही गरज होती आणि त्यात काही खोटं नव्हतं. युनिकोड रुळल्यावर आणि यंत्रांना लिप्यंतर समजू लागल्यावर गरज संपली, यादी मात्र राहिली. आज ती पाहून आपण हसतो, पण तिच्या मुळाशी आपली भाषा यंत्राला दिसतच नव्हती, ही खरी अडचण होती.

दुसरी शाखा दुव्यांची. ती अधिक रोचक आहे आणि तिनंच सर्वांत जास्त पैसा खाल्ला. एखादा शोधनिबंध किती मोलाचा, हे त्याचा उल्लेख इतर किती निबंधांनी केला यावरून अजमावता येईल, ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९६०च्या दशकात विज्ञानातल्या संदर्भसूचीतून प्रत्यक्षात आणली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये तीच दृष्टी वेबला लावली. एका पानानं दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे त्याची शिफारस, आणि वजनदार पानाची शिफारस जास्त वजनाची. १९९८ मध्ये गूगल कंपनी उभी राहिली ती या ‘पेजरँक’च्या जोरावर. स्वतःबद्दल कुणी काहीही लिहील, पण दुसऱ्याकडून शिफारस मिळवणं अवघड, असा हिशेब त्यामागे होता.

हिशेब बरोबर होता. पण २००० च्या डिसेंबरात गूगलनं ब्राउझरला लावायची एक पट्टी दिली आणि तीत प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा अशा आकड्यात सगळ्यांना दिसू लागला. माझ्या मते या कुळकथेतली सर्वांत मोठी चूक हीच. आकडा दिसला की त्याचा भाव ठरतो. सात आकडा असलेल्या पानावरच्या दुव्याला एक दर, चार असलेल्याला दुसरा, असा बाजारच भरला. एकमेकांना दुवे देण्यासाठीच काढलेल्या संकेतस्थळांची शेती सुरू झाली, अनोळखी लोकांच्या अभिप्रायवहीत दुवे पेरणारी यंत्रं आली. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘हा दुवा शिफारस म्हणून धरू नका’ अशी खूण सुरू केली ती याच उपद्रवामुळे. सार्वजनिक आकडा कायमचा बंद व्हायला २०१६ उजाडलं. तोवर ‘जितक्या जास्त बॅकलिंक (बाहेरून येणारे दुवे) तितकं वर’ हे वाक्य धंद्याचा मंत्र होऊन बसलं होतं. ‘पाचशे बॅकलिंक इतक्या रुपयांत’ ही जाहिरात त्याच मंत्राची आजची प्रत आहे.

खानापूर-आटपाडी भागातून देशभर पांगलेल्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाई कारागिरांच्या धंद्यात अशा चढाओढीचा अनुभव जुना आहे. कसोटीचा दगड वरचा थर तपासतो, म्हणून मुलामा दिलेला डागही त्यावर खरा ठरतो. मग तो वितळवूनच पाहावा लागतो. परीक्षा जितकी खोल जाते तितकी भेसळही खोल जाते. शोधयंत्रांच्या ‘अपडेट’चा इतिहास असाच पुढे सरकला आहे.

‘अपडेट आला आणि साईट उडाली’ हे वाक्य नोव्हेंबर २००३ पासूनचं. त्याआधी गूगलची क्रमवारी साधारण महिन्याला एकदा हलायची. त्या नोव्हेंबरात, ऐन नाताळच्या खरेदीच्या तोंडावर, एक मोठा बदल झाला. संकेतस्थळं चालवणाऱ्यांनी त्याला ‘फ्लोरिडा’ नाव दिलं. अनेक छोट्या दुकानदारांचं गिऱ्हाईक एका रात्रीत आटलं आणि त्यांच्या मनात बसलं की गूगल शिक्षा देतो. फेब्रुवारी २०११ च्या ‘पांडा’नं ती भीती पक्की केली. नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून हे नाव पडलं. निकस मजकुराचे कारखाने खाली ढकलणाऱ्या या बदलानं अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर परिणाम झाला. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’नं विकतच्या दुव्यांना हात घातला.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण तो न कळल्यामुळे माणसं फसतात. शिक्षा असते, पण ती वेगळी. गूगलचा माणूस संकेतस्थळ पाहून कारवाई करतो तेव्हा त्याची सूचना सर्च कन्सोल या मोफत सोयीत मालकाला दिसते. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूचं जर्मन संकेतस्थळ असंच काढून टाकलं होतं. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं, असा त्यांचा प्रकार होता. तो सुधारल्यावर काही दिवसांत ते परत घेतलं गेलं. अपडेटमध्ये मात्र कुणावर खटला चाललेला नसतो. मोजण्याची पद्धत बदलते, दुसरी पानं अधिक उजवी ठरतात आणि आपलं खाली सरकतं. कन्सोलमध्ये अशी सूचना नसेल आणि तरी कुणी ‘तुम्हाला पेनल्टी बसली आहे, काढून देतो’ म्हणून पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत. सप्टेंबर २०१६ पासून तर पेंग्विन खोट्या दुव्यांकडे बहुतांशी दुर्लक्षच करतो, म्हणजे विकत घेतलेल्या बॅकलिंकांचे पैसे बहुधा नुसते बुडतात.

आता सुरुवातीच्या गावांच्या यादीकडे. तिची पुढची पिढी म्हणजे प्रत्येक गावासाठी वेगळं पान. मजकूर तोच, फक्त कराडच्या जागी फलटण. गूगलच्या भाषेत ही दारापुरती पानं, आणि मार्च २०१५ मध्ये त्यांच्याविरुद्धचा नियम आणखी कडक झाला. यावरून ‘गावाचं नावच घेऊ नये’ अशी उलटी समजूतही पसरली आहे. तीही चूक. वाईत खरंच दुकान असेल तर वाईचं पान हवंच. तिथला पत्ता, वेळा, तिथे काय मिळतं आणि काय नाही हे त्यावर असावं.

आणखी दोन समजुती. जाहिरात दिली की फुकटच्या निकालातही वर येतो, हे खोटं आहे. सारखा मजकूर दोन ठिकाणी दिसला म्हणून शिक्षा होते, हेही खोटं; गूगलनं २००८ मध्येच ते स्पष्ट केलं होतं. प्रतींपैकी सहसा एक दाखवली जाते, एवढंच.

मराठीसाठी मोठा टप्पा डिसेंबर २०१९ चा. वाक्यातला शब्द आजूबाजूच्या शब्दांवरून समजून घेणारी ‘बर्ट’ ही पद्धत गूगलनं तेव्हा सत्तरहून अधिक भाषांच्या शोधाला लावली आणि त्यांत मराठी होती. मिरजेची सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला एखादा कारागीर भोपळा कसा निवडतात, तूणीचं लाकूड का, जवारी किती वेळानं पुन्हा लावावी लागते, हे साध्या मराठीत लिहील तर ते पान जाणत्या प्रश्नाला उत्तर देईल. ‘मिरज सतार स्वस्त सतार उत्तम सतार’ लिहून ते होणार नाही.

या कुळातली सर्वांत नवी पिढी मला जास्त घातक वाटते. मार्च २०२४ च्या नियमांत गूगलनं तीन गोष्टींवर बोट ठेवलं: घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, प्रतिष्ठित संकेतस्थळाची जागा भाड्याने घेऊन तिच्या नावावर तरणं, आणि संकेतस्थळांची मुदत संपलेली नावं विकत घेऊन त्यांची जुनी पत वापरणं. तिसऱ्याचं उदाहरण देताना त्यांनी एका जुन्या प्राथमिक शाळेच्या नावावर चालणाऱ्या जुगाराच्या मजकुराचा दाखला दिला आहे.

हा तिसरा धोका आपल्या जवळचा आहे. सातारा आणि सांगली हे वाचनालयांचे, पतसंस्थांचे, शिक्षणसंस्थांचे जिल्हे आहेत. यांतल्या अनेकांचं संकेतस्थळ कुणा माजी विद्यार्थ्यानं किंवा संचालकाच्या मुलानं हौसेनं करून दिलेलं असतं. नाव त्याच्याच ई-मेलवर नोंदलेलं असतं आणि मुदत संपत आल्याची सूचनाही त्यालाच जाते. तो पुण्याला किंवा परदेशात गेला की कुणाला पत्ता लागत नाही, आणि पन्नास-शंभर वर्षांच्या संस्थेनं मिळवलेले सगळे दुवे एका नूतनीकरणाच्या रकमेत परक्याच्या हाती जातात. नाव कुठे नोंदलं आहे, मुदत कधी संपते आणि पासवर्ड कोणाकडे आहे, हे संस्थेच्या इतिवृत्तात लिहिलेलं असावं, आणि दरवर्षीच्या वार्षिक सभेपूर्वी कुणीतरी ते तपासावं.