आगकाड्यांची मौज आणि काठीचं लग्न

ऐकायला सवड नसते, वाचायला द्या, असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातली वळणं तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.

आजचा विषय जरा गमतीचा आहे. वस्तूंचं प्रेम. आपलं वस्तूंवरचं नव्हे, ते तर आहेच, वस्तूंचं एकमेकींवरचं. 2013 साली पिक्सार कंपनीने 'द ब्लू अम्ब्रेला' नावाचा छोटा अ‍ॅनिमेशनपट काढला. पाऊस पडतोय, शहरात छत्र्यांची गर्दी आहे आणि त्या गर्दीत एक निळी छत्री एका लाल छत्रीच्या प्रेमात पडते. बस्स, एवढीच गोष्ट. पण असा चित्रपट पाहिला की मला अमेरिका नाही, नाशिक आठवतं. तेही 1915 सालचं.

दादासाहेब फाळके म्हटलं की आपण 'राजा हरिश्चंद्र' म्हणतो, 3 मे 1913 म्हणतो आणि पुढे जातो. पण हरिश्चंद्राच्या आधी एक वाटाणा होता. फाळके 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपटासाठी भांडवल हवं होतं आणि पैसेवाल्यांना नुसत्या शब्दांवर पटेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर बघणाऱ्यांना काय दिसलं? डोळ्यांदेखत कोंब वर आला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' म्हणून हा तुकडा ओळखला जातो. तो पाहून भांडवल मिळालं. म्हणजे आपल्याकडच्या चित्रपटधंद्याला पहिलं कर्ज मिळवून दिलं ते एका वाटाण्याने.

वाटाणा सजीव तरी होता. फाळके पुढे निर्जीव वस्तूकडे वळले. 1914 साली ते पुन्हा लंडनला गेले आणि नेमकं पहिलं महायुद्ध पेटलं. परत आले तोवर पैशाचे झरे आटलेले, परदेशातून येणारी कोरी फिल्म दुर्मीळ. मोठे चित्रपट अडकले. पौराणिक कथेला वेशभूषा लागते, माणसं लागतात, त्यांना जेवूखाऊ घालावं लागतं. आगकाडीला काहीच लागत नाही. 1915 साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. पेटीतल्या काड्या हाच त्यातला नटसंच.

ही युक्ती एकट्या फाळक्यांना सुचली असं नाही. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 1908 मध्येच काड्या हलवून दाखवल्या होत्या. पण कोल यांच्या मागे गोमाँसारखी बडी कंपनी होती. फाळक्यांचा कारखाना घरातच होता. सरस्वतीबाई घरचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या. आणि गंमत बघा, त्या काळी आपल्याकडे आगपेट्याही बहुतेक जपान आणि स्वीडनहून यायच्या. कॅमेरा परका, फिल्म परकी, काडीसुद्धा परकी. स्वदेशी होती ती फक्त काडी हलवणारी बोटं. मला वाटतं, स्वदेशीचं वेड घेतलेल्या माणसाला तेवढं पुरेसं वाटलं असणार.

काम कसं चालतं तेही सांगतो. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचं. काडी गव्हाभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 चित्रं धरत. म्हणजे एका मिनिटाला 960. मधेच कुणाचा धक्का लागला, उजेड बदलला, तर पडद्यावर काडी दचकते. पंगतीत हजार पानं वाढण्यापेक्षा हे चिकाटीचं काम आहे, आणि वाढणाऱ्याला निदान कुणी 'बसा' तरी म्हणतं.

आता प्रेम कुठून आलं? याचं उत्तर एका प्रयोगात आहे. 1944 साली, म्हणजे फाळके गेले त्याच वर्षी, अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मेरिॲन झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म बनवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडझाप करणारा एक चौकोन. बाकी काही नाही. 34 जणांना दाखवून विचारलं, काय दिसलं? त्यातल्या फक्त एकाने सरळ भूमितीत सांगितलं. बाकीच्यांना जिवंत पात्रं दिसली. कुणी म्हणालं, ही दोघांची प्रेमकहाणी आहे आणि तो मोठा त्रिकोण दांडगट आहे.

मला यातलं मर्म असं वाटतं. वस्तूला चेहरा नसतो, आवाज नसतो. ती फक्त दोन गोष्टी करू शकते: जवळ येणं आणि दूर जाणं. आणि प्रेमाचं मूळ व्याकरण तेवढंच तर आहे! एक काडी दुसरीकडे सरकली, मधेच थांबली, जरा मागे गेली, पुन्हा आली. आपण लगेच म्हणतो, लाजली. लाजली कुठे? आपणच तिला लाजवलं.

1957 सालचा कॅनडातला 'अ चेअरी टेल' बघा. नॉर्मन मॅक्लारेन आणि क्लोद ज्यूत्रा यांचा. एक माणूस पुस्तक घेऊन खुर्चीवर बसायला जातो आणि खुर्ची बसूच देत नाही. तो पळवतो, ती पळते. तो दटावतो, ती रुसते. शेवटी त्याच्या ध्यानात येतं की आजवर आपणच हिच्यावर बसत आलो, हिला कुणी बसवलंय का? तो खाली होतो आणि खुर्चीला आपल्यावर बसू देतो. मग खुर्चीही त्याला बसू देते. संवाद एक नाही. संगीत मात्र आपलं: सतार पंडित रविशंकरांची, तबला चतुरलाल यांचा. ती रुसवाफुगवी सतारीवर ऐकताना खुर्ची लाकडाची आहे हे विसरायला होतं.

आणि आम्हा सोलापूरकरांना तर हे शिकवायलाच नको हो. आमच्याकडे दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेत काठीचं लग्न लागतं. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला. ते योगी. ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. म्हणून संक्रांतीच्या आदल्या दिवशी सम्मती कट्ट्यापाशी सात नंदीध्वज येतात, बाराबंदी घातलेले भक्त त्या उंच काठ्या तोलून धरतात आणि हजारो हात अक्षता टाकतात. दुसऱ्या दिवशी होमप्रदीपन. तिथे बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या सजवून अग्नीला देतात. नवरा काठी, नवरी पेंढी. बाई आगीत गेली ही कथेतली गोष्ट आज ऐकताना घशात अडकते, अडकायलाच हवी. पण अक्षता टाकताना 'ही तर काठी आहे' असं कुणीही म्हणत नाही. काठी तोलणाऱ्याचे हात आणि समोरच्यांची संमती मिळाली, की काठी नवरदेव होते. फाळक्यांच्या काडीलाही हेच दोन लागत होते: हलवणारे हात आणि मानणारे डोळे.

डोळ्यांपाशीच आपली गोष्ट अडते. 'आगकाड्यांची मौज' आज पाहायला मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, काडीसारखीच भुरकन पेटणारी, न पेटली तर कुजणारी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते 1964 मध्ये. तोवर खुद्द हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचंच हाती राहिलं होतं, आणि तीही 1917 च्या नव्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. राजाची ही गत, तर काड्यांना कोण विचारतो? शिवाय नावातच 'मौज'. मौजेची वस्तू जपून ठेवायची असते, हे आपल्याकडे फारसं कुणाला वाटत नाही.

नुकसान एका चित्रपटाचं नाही. फाळक्यांच्या नावाने 1969 पासून देशातला सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो. पण टेबलाशी वाकून काडी सरकवणारे फाळके आपल्या आठवणीतून निसटले. मोठा पडदा, मोठे देव, मोठा खर्च हा वारसा राहिला. हाताशी असेल त्यातून गोष्ट करण्याचा वारसा पातळ झाला. 1934 मध्ये 'प्रभात'ने 'जंबूकाका' हा व्यंगपट काढला, पण त्याची परंपरा काही उभी राहिली नाही.

म्हणून एक विनंती. घरातलं पोर मोबाइल पुस्तकांना टेकवून खोडरबर आणि पेन्सिल गव्हागव्हाने सरकवत बसलं असेल, तर 'अभ्यास सोडून काय चाललंय' म्हणू नका. तयार झालेली दहा सेकंदं बघा. आणि बघून झाल्यावर ती फाइल कुठेतरी नीट ठेवा.

भेटूया पुढच्या भागात.