बर्लिनचें दग्ध दप्तर व एक नोंदवही

दप्तर जळालें म्हणजे त्यांतील माणसेंहि संपलीं, असें अनुमान करण्याचा मोह संशोधकास होतो. या मोहाचें बोधप्रद उदाहरण बर्लिन येथील लिंगविज्ञान-संस्थेच्या इतिहासांत सांपडतें. विषय कित्येक वाचकांस अपरिचित वाटेल. परंतु त्यांतील साधनांचा प्रश्न आपलाच आहे, म्हणून त्याचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड (१८६८–१९३५) हे या संस्थेचे संस्थापक. पुरुषांमधील परस्पर संबंधांस शिक्षा सांगणारें जर्मन दंडसंहितेचें १७५ वें कलम रद्द व्हावें, याकरितां त्यांनीं १८९७ सालीं एक समिति स्थापिली, व १८९९ पासून १९२३ पर्यंत ‘लैंगिक मध्यावस्थांचें वार्षिक’ अशा अर्थाच्या नांवाचें नियतकालिक चालविलें. कायदा ज्यांस गुन्हेगार ठरवी, त्यांच्या प्रकृतीविषयींचें संशोधन तें वर्षानुवर्षें छापीत राहिलें. १९१९ च्या जुलईंत संस्था उघडली. तेथें रुग्णांस सल्ला व उपचार मिळत, आणि त्यांनीं भरून दिलेल्या प्रश्नावल्या जतन केल्या जात.

६ मे १९३३ रोजीं नाझी विद्यार्थ्यांनीं संस्थेवर हल्ला केला. १० मे रोजीं तेथील ग्रंथ बर्लिनच्या ऑपेरा-चौकांत जाळण्यांत आले. हिर्शफेल्ड त्या वेळीं परदेशीं होते. ते पुन्हां मायदेशीं परतलेच नाहींत.

आतां राहिलें काय, हें पाहूं. संस्थेंतील वैद्य फेलिक्स आब्राहाम यांनीं १९३१ सालीं दोन रुग्णांवरील लिंगपरिवर्तन-शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. मूळ कागद गेले तरी हा छापील लेख वाचला. कारण नियतकालिकाच्या प्रती गांवोगांवच्या ग्रंथालयांत पोंचलेल्या होत्या. या दोहोंपैकीं एक रुग्ण डोरा रिख्टर. ती संस्थेंतच घरकाम करीत असे. लेखांत तिचें आडनांव आद्याक्षरानेंच दिलें आहे. रुग्णाचें नांव झांकणें हें वैद्याचें कर्तव्यच होय. तथापि त्यामुळें पुढील संशोधकास माग काढणें कठीण गेलें.

१९३३ नंतर तिचा ठावठिकाणा न लागल्यामुळें ती हल्ल्यांतच मारली गेली असावी, असें पुष्कळ लेखकांनीं लिहिलें, व तें एकमेकांच्या आधारानें रूढ झालें. परंतु अलीकडे बोहेमियांतील तिच्या जन्मगांवच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींचा शोध लागला, आणि १९३४ सालीं चेकोस्लोव्हाकियांत तिचें नांव कायदेशीररीत्या बदलल्याचें उघडकीस आलें. पुढें ती बव्हेरियांत आलेर्सबेर्ग येथें राहिली व १९६६ सालीं वारली. म्हणजे अनेक ग्रंथांतील विधान एका गांवच्या नोंदवहीनें खोटें पाडलें. पुराव्याच्या अभावास पुरावा मानण्याचें हें फळ!

हिर्शफेल्ड यांचे सहकारी ली श्यू-टाँग १९९३ सालीं कॅनडांतील व्हँकूवर येथें वारले. त्यांच्या जवळील कागद केरांत टाकले गेले असतां एका शेजाऱ्यानें ते उचलून ठेविले, म्हणूनच ते पुढें बर्लिनच्या अभ्यासकांस मिळाले.

आपल्याकडेहि हा विषय अगदींच परका नव्हे. हिर्शफेल्ड १९३१ सालीं हिंदुस्थानांत येऊन गेले. मुंबईस र. धों. कर्वे यांचें ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत होतें. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस त्यांत दिलेल्या उत्तरांवरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, व १९३४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. अशा प्रश्नांमागील माणसांचीं नांवें आज आपणांस ठाऊक नाहींत. पण त्यांनीं काय विचारिलें, हें त्या अंकांनींच राखिलें आहे.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, सनदा व बखरी यांप्रमाणेंच असे जीर्ण अंक व लाजेनें दडवून ठेवलेलीं पत्रेंहि रद्दींत घालूं नयेत. त्यांतील खासगी नांवें जपावीं. कागद मात्र राखावे. एखाद्या माणसास मृत ठरविण्यापूर्वीं गांवची नोंदवही उघडून पाहण्याची संधि पुढील संशोधकास मिळालीच पाहिजे.