ट्रेन्ड मास्तर

आमच्या जामनेर तालुक्यात एखाद्या गावात नवा मास्तर आला की जुनी माणसं दोनच गोष्टी विचारायची. पहिली, कोणत्या गावचा? दुसरी, ट्रेन्ड आहे की अनट्रेन्ड? ट्रेन्ड म्हणजे काय हे विचारणाऱ्याला धड ठाऊक नसायचं. पण बैल जसा शिकाऊ की शिकलेला हे पाहून घ्यायचा, तसा मास्तरही पाहून घ्यायचा, एवढं त्यांना कळत होतं.

माझा जन्म १९६० चा. मला पहिलीत शिकवणारे गुरुजी 'फायनल' झालेले होते. फायनल म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा. ती पास झाली की मास्तरकी मिळायची. जळगाव जिल्ह्याचं नाव तेव्हा पूर्व खानदेश, आणि शाळा स्कूल बोर्डाच्या. काही वर्षं नोकरी झाली की ट्रेनिंग कॉलेजात पाठवायचे आणि पी.टी.सी. करून आलेला मास्तर गावात ट्रेन्ड म्हणून मिरवायचा. आमचे गुरुजी ट्रेनिंगहून तकली घेऊन आले होते. १९३७ च्या वर्धा योजनेपासून शाळेत सूतकताई शिरली होती, ती आमच्यापर्यंत टिकली. कापसाच्या मुलखातली पोरं आम्ही, घरात कापसाचे ढीग. पण त्याचं सूत कसं होतं ते शाळेत कळलं.

नोकरीत असताना मास्तरनं शिकत राहावं, ही कल्पनाही जुनीच. एकोणिसाव्या शतकात मराठी शाळांच्या मास्तरांसाठी 'शालापत्रक' निघत होतं. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या बापलेकांनी ते चालवलं. आमच्या काळात 'जीवन शिक्षण' मासिक टपालानं शाळेत यायचं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं तर आकडाच सांगितला : दर पाच वर्षांच्या नोकरीत प्रत्येक शिक्षकाला दोन-तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळावं. मी १९८३ साली जिल्हा परिषदेत लागलो, २०१८ ला निवृत्त झालो. पस्तीस वर्षं म्हणजे सात पंचवर्षं. कोठारींच्या हिशोबानं किमान चौदा महिने तरी मी शिकायला हवं होतं. दिवस मोजले तर बरेच भरतील. पण त्यातून वर्गात काय पोचलं, तो हिशोब वेगळा.

१९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि ट्रेनिंगची रांगच लागली. आधी 'पीमोस्ट'. ऐन उन्हाळ्यात दहा-दहा दिवसांची शिबिरं. खानदेशातला मे महिना, पत्र्याची खोली, आणि फळ्यावर धोरणाची वैशिष्ट्यं. मग खडू-फळा मोहीम. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य मिळावं हा तिचा हेतू. साहित्याच्या पेट्या आल्या, पण फुटलं-तुटलं तर भरून द्यावं लागेल या धाकानं बऱ्याच गावांत त्या कुलपातच राहिल्या. जिल्ह्या-जिल्ह्यात डाएट म्हणजे शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. नव्वदीत किमान अध्ययन क्षमता आल्या, 'सोप्ट' आलं, 'स्मार्ट पी.टी.' आलं. पुढं २००१ पासून सर्व शिक्षा अभियान. त्यात दर शिक्षकाला वर्षाला वीस दिवसांचं प्रशिक्षण आणि दिवसाला माणशी सत्तर रुपये अशी तरतूद होती. चहा, जेवण, वही-पेन सगळं त्याच सत्तर रुपयांत.

या सगळ्या ट्रेनिंगची तऱ्हा पाटाच्या पाण्यासारखी. पुण्याला राज्याचे तज्ज्ञ शिकवणार, ते ऐकून आलेले जळगावला शिकवणार, त्यांचं ऐकून आलेले जामनेरला, आणि शेवटी आम्ही. ज्याचं शेत पाटाच्या टोकाला आहे त्याला विचारा, पाणी किती पोचतं ते! वरच्यांनी पाहिलेला वर्ग आमच्यापर्यंत येईतो नुसता कागद उरायचा. सांगणारा घटकसंच वाचून दाखवायचा, आम्ही उतरवून घ्यायचो. त्यात त्या बिचाऱ्याचाही दोष नव्हता. तोही आमच्यासारखाच कुठल्याशा खेड्यातला मास्तर.

दुसरी गोष्ट कोणत्याच अहवालात नसायची. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. एक मास्तर ट्रेनिंगला गेला की दुसऱ्यानं चारी वर्गांवर नुसती राखण करायची. तोही गेला की कुलूप. एकदा सकाळी मी पिशवी घेऊन फाट्यावर उभा होतो. बैलगाडी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "मास्तर, आज बी शाया बंदच हाये का? तुमचंच शिकनं चालू ऱ्हायलं तर आमचे पोरं कधी शिकतीन?" मी म्हणालो, "बाबा, वरून हुकूम आहे." ते हसले, बैलांना हाकारलं आणि गेले. त्यांचा नातू माझ्याच वर्गात होता. वीस दिवसांचं ट्रेनिंग म्हणजे त्या पोराचे वीस दिवस, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

मग आम्ही शिकलो कुठं? माझं उत्तर : केंद्र संमेलनात.

नव्वदच्या दशकात केंद्रप्रमुखाचं पद आलं. साधारण दहा-बारा शाळांचं एक केंद्र. कोठारी आयोगानं सांगितलेल्या शाळा समूहाचंच हे धाकटं भावंडं. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे मास्तर-बाई कुठल्या तरी एका शाळेत जमायचे. पुढं त्याला शिक्षण परिषद म्हणू लागले. पहूर-शेंदुर्णीकडचे लोक पी.जे. नं, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेगाडीनं यायचे. बाकीचे सायकलवर, नंतर फटफटीवर. परिपत्रकं वाचायची, माहितीचे तक्ते भरायचे, यात अर्धा दिवस जाई. पण एक पाठ घ्यावाच लागे. त्या शाळेचा मास्तर, त्याचीच पोरं आणि मागं आम्ही पंचवीस-तीस जण भिंतीला टेकून बसलेले. नंतर वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. जेवताना जी चर्चा व्हायची, तिचं इतिवृत्त कोणी लिहिलं नाही.

असाच एक पाठ बंजारा तांड्यावरच्या शाळेत पाहिला. आमच्या तालुक्यात तांडे पुष्कळ. पोरं घरी गोरबोली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना इंग्रजीइतकीच परकी. पहिलीचा वर्ग होता. शिक्षिका बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. एका पोरीला विचारलं, सकाळी काय खाल्लंस? ती म्हणाली, बाटी. बाईंनी फळ्यावर लिहिलं : बाटी. घरी कोण आहे? याडी. तेही लिहिलं. दहा मिनिटांत फळा पोरांच्या शब्दांनी भरला, आणि इतके दिवस मुकी बसणारी पोरं एकमेकांच्या पुढं बोलू लागली. मग बाईंनी याडीशेजारी आई लिहिलं, बाटीशेजारी भाकर. अक्षरं तीच, वाचायला दोन शब्द. मागं बसलेले आमचे एक वयस्कर गुरुजी हळूच म्हणाले, "वीस वर्षं झाली, मी यांना 'कमळ' शिकवतोय. कमळ पाहिलंय कोणी इथं?"

त्या दिवशी जेवताना ठरलं की केंद्राची एक वही करायची. ज्याच्या शाळेत जी बोली, तिचे शब्द त्यानं लिहायचे. गोरबोलीचे आले, तावडीचे आले. तावडीच्या शब्दांवरून मोठा वाद झाला. आमच्याकडं 'ळ' चा 'य' होतो. शाळेला शाया, डोळ्याला डोया. पोरानं वहीत तसं लिहिलं की आम्ही लाल रेघ मारायचो. एक तरुण शिक्षक म्हणाले, आसोद्याच्या बहिणाबाईंची कविता पुस्तकात छापून येते, तिचं आपण कौतुक करतो. तीच बोली पोराच्या वहीत आली की चूक कशी? बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी तोडगा निघाला : पहिली-दुसरीत लाल रेघ मारायची नाही, प्रमाण शब्द शेजारी लिहून द्यायचा, आणि तिसरीपासून दोन्हींतला फरक समजावायचा. हा निर्णय कोणत्याही परिपत्रकात नव्हता. पण आमच्या केंद्रातली गळती थांबवायला तो कुठल्याही घटकसंचापेक्षा जास्त कामी आला, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्याचा वर्ग डोळ्यांनी पाहण्याची ही भूक किती मोठी होती, ते २०१५ नंतर दिसलं. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. आम्हीही दहा जणांनी वर्गणी काढून गाडी केली, रात्रभर प्रवास केला. फरशीवर आखलेल्या चौकटी, काड्यांचे दशकाचे गठ्ठे, आणि पोरांमध्ये मांडी घालून बसलेले शिक्षक पाहिले. टी.ए. बिल नाही, प्रमाणपत्र नाही. तरी परतीच्या वाटेवर गाडीत कोणी झोपलं नाही. आपल्या शाळेत काय करायचं, याचीच बोलणी जळगाव येईपर्यंत चालली होती.

आता आमच्या सूनबाई शिक्षिका आहेत. २०१७ ला 'दीक्षा' ॲप आलं, २०१९ ला 'निष्ठा'. ट्रेनिंग मोबाईलवर आलं आणि शाळेला कुलूप लागायचं बंद झालं, हा फायदा खरा. पाटाच्या टोकालाही पाणी पोचलं. पुण्याचा तज्ज्ञ थेट घरात. पण भाकरी थापता थापता शेजारी चाललेला व्हिडिओ आणि शेवटी निघणारं प्रमाणपत्र पाहिलं की मला तांड्यावरचा फळा आठवतो. व्हिडिओला आपली अडचण सांगता येत नाही. २०२० च्या धोरणानं शिक्षकासाठी वर्षाला किमान पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलंय आणि पोरांच्या घरच्या भाषेत शिकवण्यावर भर दिलाय. वाचून बरं वाटलं. तांड्यावरच्या त्या बाई हे कोणी न सांगता करत होत्या.

माझं म्हणणं एवढंच. त्या पन्नास तासांतले निदान पंधरा-वीस तास शेजारच्या शाळेत मागच्या भिंतीला टेकून बसण्याचे धरावेत. शिक्षण परिषदेतली परिपत्रकं मोबाईलवर पाठवावीत आणि तो वेळ पाठाला द्यावा. आणि ज्या दिवशी दोन शिक्षकी शाळेतला मास्तर शिकायला जाईल, त्या दिवशी त्याच्या वर्गावर कोण उभं राहणार, हे आधी ठरवावं. त्या बैलगाडीवाल्या बाबांना मी उत्तर देऊ शकलो नव्हतो. त्यांचा नातू आता शेती करतो, आणि त्याची पोरगी यंदा पहिलीत गेली आहे.